पॉवरपॉइंट उघडल्यावर सर्वांत आधी काय शिकायचं?

तुम्ही लिहिलं आहे की नव्या नोकरीत पहिल्यांदाच प्रेझेंटेशन करायची वेळ आली आहे, पॉवरपॉइंट उघडलं की वरचे सगळे टॅब बघून काही सुचत नाही, आणि यूट्यूबवर जे व्हिडिओ सापडले ते सगळे अ‍ॅनिमेशनचेच निघाले. सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न.

ऑफिसात नव्याने आलेल्यांना हे शिकवायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. माझ्या मते सुरुवात एकाच गोष्टीपासून करावी. नवी फाइल उघडली की स्लाइडवर तुटक रेषेच्या दोन चौकटी दिसतात आणि आत ‘क्लिक टू अ‍ॅड टायटल’ वगैरे लिहिलेलं असतं. त्यांना प्लेसहोल्डर म्हणतात. बहुतेक जण त्या चौकटी डिलीट करतात आणि इन्सर्टमधून टेक्स्ट बॉक्स घेऊन हवं तिथे लिहायला लागतात. दिसायला काहीच फरक नसतो, म्हणून आपलं काही चुकतंय हे कळतही नाही. पण पुढचा बहुतेक त्रास इथूनच सुरू होतो.

फरक काय ते सांगते. प्लेसहोल्डरमधल्या मजकुराबद्दल पॉवरपॉइंटला माहीत असतं की हे शीर्षक आहे, हा मुख्य मजकूर आहे. टेक्स्ट बॉक्सबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. एका सहकाऱ्याची चांगली लांबलचक फाइल होती, सगळी टेक्स्ट बॉक्सने भरलेली. आदल्या संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, शीर्षकं निळी करा आणि थोडी वर घ्या. तो एकेक स्लाइड उघडून, एकेक चौकट धरून सरकवत बसला, आणि इतकं करूनही प्रत्येक शीर्षक आधीच्यापेक्षा किंचित वर-खालीच राहिलं. स्लाइड पुढे सरकवली की अक्षरं उडी मारल्यासारखी दिसत होती. शीर्षकं प्लेसहोल्डरमध्ये असती तर हे एकाच ठिकाणी एकदा बदलून झालं असतं.

ते एक ठिकाण म्हणजे स्लाइड मास्टर. व्ह्यू टॅबमध्ये आहे. उघडलंत की डाव्या बाजूला सर्वांत वर एक मोठी स्लाइड दिसेल आणि तिच्याखाली लहान लहान लेआउट. वरच्या मोठ्या स्लाइडवर शीर्षकाचा फॉन्ट, आकार, रंग बदला, कोपऱ्यात लोगो टाका, मग ‘क्लोज मास्टर व्ह्यू’ दाबा. सगळ्या स्लाइड एकदम बदललेल्या दिसतील. क्लासमध्ये हे अगदी शेवटी, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणून शिकवतात, ते मला पटत नाही. हे पहिल्याच दिवशी करून बघावं. गूगल स्लाइड्समध्ये यालाच थीम बिल्डर म्हणतात, आणि लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये व्ह्यू मेन्यूत मास्टर स्लाइड आहे. ऑफिसचं लायसन्स घरच्या कॉम्प्युटरवर नसेल तर या दोन्हींवर फुकट सराव करता येतो. कल्पना तीच, बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

मास्टर समजला की होम टॅबमधली दोन बटणं लगेच कळतात. ‘लेआउट’मधून स्लाइडचा साचा बदलता येतो: फक्त शीर्षक, शीर्षक आणि मजकूर, मजकुराचे दोन रकाने. त्याच्या शेजारचं ‘रीसेट’ फार कमी लोक वापरतात. चौकटी इकडे तिकडे सरकल्या, कुठून तरी कॉपी केलेल्या मजकुराने भलताच फॉन्ट सोबत आणला, तर रीसेट दाबा. सगळं मास्टरमध्ये ठरवल्याप्रमाणे जागेवर येतं.

आता बाकीचे टॅब जरा बाजूला ठेवा आणि व्ह्यू टॅबमधला ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडा. डावीकडे नुसता मजकूर दिसेल. रंग नाहीत, चित्रं नाहीत. पहिलं प्रेझेंटेशन इथेच लिहा. शीर्षक लिहून एंटर दाबलं की नवी स्लाइड तयार होते. कीबोर्डवरचं टॅब बटण दाबलं की तीच ओळ वरच्या शीर्षकाखालचा मुद्दा बनते आणि शिफ्ट-टॅबने पुन्हा शीर्षक. अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण प्रेझेंटेशनचा सांगाडा तयार होतो आणि क्रम बदलायचा असेल तर ओळ उचलून वर-खाली ठेवायची. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर या आउटलाइनमध्ये दिसतच नाही. म्हणून मघापासून प्लेसहोल्डरचा इतका आग्रह धरते आहे.

आउटलाइनमध्ये फक्त शीर्षकं वाचत खाली या. नुसत्या शीर्षकांवरून तुमचं म्हणणं समजतंय का? बहुतेक वेळा तिथे ‘प्रस्तावना’, ‘तक्रारींचं विश्लेषण’, ‘निष्कर्ष’ असे शब्द असतात आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘तक्रारींचं विश्लेषण’ काढून तिथे ‘निम्म्याहून जास्त तक्रारी उशिरा पोचलेल्या मालाच्या आहेत’ असं पूर्ण वाक्य लिहून बघा. आता त्या स्लाइडवर काय हवं हे आपोआप ठरतं: तक्रारींच्या प्रकारांचा एक आडवा बार चार्ट, त्यात उशिराच्या तक्रारींचा बार ठळक रंगात आणि बाकीचे करडे. तीन-चार बुलेट्सचा मजकूर गेला, कारण तो आता शीर्षकातच आला आहे. आणि जे वाक्य लिहिताच येत नाही, त्या स्लाइडवर सांगण्यासारखं काही नाही असं खुशाल समजा आणि ती काढून टाका.

शीर्षकाला मी इतकं महत्त्व देते त्यामागे एक गंभीर उदाहरण आहे. २००३ साली कोलंबिया अंतराळयान परतीच्या प्रवासात नष्ट झालं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. यान अजून कक्षेत असताना या धोक्याचा अंदाज नासासमोर स्लाइडवर मांडला गेला. त्यातल्या एका स्लाइडच्या शीर्षकाचा सूर असा होता की चाचण्यांची माहिती सुरक्षिततेच्या बाजूने झुकते. आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा होता आणि चाचण्यांमधला फक्त ३ घन इंचांचा, म्हणजे त्या चाचण्या इथे लागूच पडत नव्हत्या, ही गोष्ट मात्र स्लाइडच्या तळाला, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात होती. चौकशी मंडळाने नंतर ती स्लाइड आपल्या अहवालात छापली आणि ती वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका कळला नाही तर नवल नाही, अशा अर्थाचं लिहिलं. आपल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाच्या जिवाचा प्रश्न नसतो. तरी समोरचा माणूस वरची मोठी ओळ वाचतो आणि तिच्यावरच विश्वास ठेवतो, हे इथेही तितकंच खरं आहे.

मजकूर लिहिताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा. मुख्य चौकटीत जास्त लिहीत गेलात की अक्षरं आपोआप बारीक होत जातात. याला ऑटोफिट म्हणतात. लोकांना ती सोय वाटते. मी तो इशारा समजते. अक्षर आकसायला लागलं की लिहिणं थांबवा आणि स्लाइडचे दोन भाग करा. मुख्य मजकूर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मागच्या रांगेतून वाचता येत नसेल तर ती ओळ नसलेलीच बरी. बोलताना लागणारा तपशील स्लाइडखालच्या ‘नोट्स’मध्ये लिहा. प्रोजेक्टर जोडून प्रेझेंटर व्ह्यू चालू केला की नोट्स आणि पुढची स्लाइड फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतात, समोरच्यांना नाही.

मराठीत प्रेझेंटेशन करणार असाल तर फॉन्टचं आधी बघा. जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरलेत आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, टाइप करा. निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी यांतला कुठलाही चालेल. मग फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो, फार तर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकार असल्यामुळे दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. हे अंतरसुद्धा मास्टरमध्ये एकदाच ठरवता येतं.

चित्रं आणि आकार याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चित्र मोठं करताना कोपरा धरून ओढा, बाजू धरून ओढलं तर माणसं जाडी किंवा उंच होतात. दोन-तीन आकार एका ओळीत हवे असतील तर डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, सगळे सिलेक्ट करून ‘अलाइन’ वापरा. फोटो खूप असतील आणि फाइल मेलवर जाईना तर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ आहे. चार्ट मात्र दुसरीकडून स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका, इन्सर्टमधून खरा चार्ट घ्या. एक्सेलसारखा छोटा तक्ता उघडतो, त्यात आकडे भरले की झालं, आणि उद्या आकडा बदलला तर चार्टही बदलतो.

अ‍ॅनिमेशन सध्या शिकू नका, असं अगदी मनापासून सांगते. १९८७ साली मॅकिंटॉशवर पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती आली तेव्हा ती ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पानांसाठी कृष्णधवल मजकूर आणि आकृत्या बनवायची. त्यात काहीच हलत नव्हतं, आणि लोकांचं काम चांगलं चालत होतं. एकच इफेक्ट कामाचा आहे, ‘अपिअर’. एखादा मुद्दा तुम्ही बोलाल तेव्हाच दिसावा असं वाटलं तर तो वापरा. गिरक्या घेत येणाऱ्या शब्दांकडे लोक बघत बसतात आणि तुमचं बोलणं ऐकायचं राहून जातं.

कीबोर्डचे शॉर्टकट पाठ करत बसू नका, हे चार तेवढे बोटांत बसू द्या. कंट्रोल-एमने नवी स्लाइड, कंट्रोल-डीने आहे त्याचीच आणखी एक प्रत, एफ-५ ने शो सुरुवातीपासून, आणि शिफ्ट-एफ-५ ने समोर आहे त्या स्लाइडपासून. शेवटचं सरावाच्या वेळी फार उपयोगी पडतं. शो चालू असताना स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. म्हणून मास्टरमध्ये स्लाइड नंबर ठेवा. कुणी म्हणालं, ‘ती सातवी पुन्हा दाखवा’, तर मागे मागे जात बसावं लागत नाही.

सरावासाठी ऑफिसचा विषय घेऊ नका, त्यात आकड्यांचीच काळजी लागून राहते. तुम्हाला चांगलं माहीत असलेलं काहीही घ्या आणि पाच-सहा स्लाइडचं प्रेझेंटेशन आउटलाइनमध्ये लिहा. मग मास्टरमध्ये जाऊन त्याचं रूप दोनदा पूर्ण बदला: एकदा पांढऱ्यावर काळं, एकदा गडद पार्श्वभूमीवर पांढरं. दोन्ही वेळा एकाही स्लाइडला वेगळा हात लावावा लागला नाही तर मूलभूत गोष्टी जमल्या. एखादी स्लाइड बदललीच नाही, तर तिच्यावर कुठेतरी टेक्स्ट बॉक्स किंवा हाताने दिलेला रंग राहिला आहे. तो शोधून काढा, तेवढ्यात बरंच शिकून होतं.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला अर्धा तास आधी जाऊन प्रोजेक्टर जोडून बघा. तुमच्या स्क्रीनवरच्या नोट्स लोकांना दिसत असतील तर विंडोज-पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. फाइलसोबत तिची पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर ठेवा, त्यात फॉन्ट आतच असतात. आणि बोलता बोलता चर्चा सुरू झाली, सगळे पडद्याकडेच बघत राहिले, तर कीबोर्डवर बी दाबा. पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघायला लागतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत येते.