फिरायला नेल्यावर मोर, मुंगूस दिसलं की माझा बीगल वेड्यासारखा पट्टा ओढतो. ही सवय कायमची घालवता येते का?

घालवता येत नाही, सांभाळता येते. आणि आता खाली कुणीतरी येऊन लिहिणारच की एकदा मोकळा सोडून बघा, पळून दमला की शांत होतो, कारण आमच्या मामाचंही कायम हेच पालुपद असतं.

माझ्याकडे कारवानी जातीची कुत्री आहे, बिजली, सांगोल्याकडची, मामानेच दिलेली. ही जात डोळ्याने शिकार करते, लांबवर काही हललं की संपलं. डोकं निमुळतं असल्यामुळे ती मागे सरकली की साधा गळपट्टा डोक्यावरून सुळकन निघतो, म्हणून मी मार्टिंगेल वापरतो, म्हणजे ओढलं की थोडासाच आवळणारा गळपट्टा. बटण दाबून लांब होणारे पट्टे तर फेकूनच द्या, कुत्रा आधी वेग घेतो आणि मग झटका त्याच्या मानेला न् तुमच्या खांद्याला.

तर दिवाळीत गावी गेलो होतो. मामा म्हणाला, जातिवंत कुत्रीला दोरी लावून फिरवतोस, लाज वाटत नाही का, चल माळावर. गेलो, पट्टा माझ्याच हातात. ज्वारीच्या बांधाला बिजली एकदम थांबली. कान ताठ, तोंड मिटलेलं, पुढचा एक पाय उचलला तो तसाच. जे करायचं ते इथेच, कारण एकदा पळ सुटला की हाका मारून काही उपयोग नसतो. मी तिच्या पायाशी गवतात उकडलेल्या कलेजीचे तुकडे टाकले न् "शोध" म्हटलं. ती मुंडी खाली घालून हुंगायला लागली तेवढ्यात पुढून ससा सुटला. तिने झटकन मान वर केली, नखशिखांत थरथरत होती, पट्टा ताणला पण गेली नाही, आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. उरलेली सगळी कलेजी तिला दिली. मामा म्हणतो, "कुत्री वाया घालवलीस."

वाया कशी? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसतं मारणं म्हणजे शिकार नाही, पाठलाग करून धरणं, हाकणं, तसा प्रयत्न करणं सगळं त्यात येतं. मामा म्हणतो आमच्या आजोबांनी केली. आजोबांच्या वेळी माळ पण होता ना. आता निम्म्या माळावर प्लॉटिंग झालंय, उरलेले ससे काय कुत्र्यांच्या व्यायामाला ठेवलेत का?

"शोध" आधी घरात शिकवा, मग गेटवर, मग टेकडीवर पण मोर लांब असताना. फार जवळ असेल तर गुपचूप उलटं फिरा. शॉक कॉलर अजिबात नको, मोर दिसला की दुखतं एवढंच तो शिकतो.

हां, तुमचा बीगल आहे, तो नाकाचा गडी, वासावर लागला की कलेजीलाही विचारणार नाही कदाचित. त्याला लांब दोरीवर भरपूर हुंगू द्या, हार्नेस घालून, नुसत्या गळपट्ट्यावर लांब दोरी नको. पहाटे-तिन्हीसांजेला टेकडी टाळा. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तेव्हा पायवाट सोडू नका. आणि घरी आल्यावर कानात, बोटांच्या मध्ये गोचीड बघा, बीगलच्या लोंबत्या कानात तर नक्की सापडतील.