सामान्य माणसाचा स्मरणलेख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाचकमंडळाच्या वार्षिक अंकात वर्षभरात निवर्तलेल्या सभासदांसाठी दोन पाने राखून ठेवलेली असतात. यंदा ते काम माझ्याकडे आले आहे. मागील दहा अंक चाळले, तेव्हा प्रत्येक दिवंगत सभासद ‘मनमिळाऊ, हसतमुख आणि परोपकारी’ होता असे आढळले. नावे झाकून वाचले, तर कोणाचा लेख कोणाचा हे ओळखता येत नाही. यंदाच्या सहा जणांपैकी कोणालाही पद, पुरस्कार किंवा प्रसिद्धी लाभलेली नव्हती. अशा माणसांविषयी लिहायचे तरी काय?

उत्तर : नावे झाकून वाचण्याची आपली युक्ती उत्तम आहे, यंदाचा मजकूर छापण्यास देण्यापूर्वी त्यालाही ती लावून पाहावी. जुने लेख एकसारखे झाले ते माणसे एकसारखी होती म्हणून नव्हे, तर लिहिणाऱ्यांनी माणूस न दाखवता त्याच्याविषयीचा आपला निकाल तेवढा नोंदवला म्हणून. ‘परोपकारी’ हा निकाल आहे. सभा संपून सगळे पांगल्यावर एखाद्या बाई मागे थांबून खुर्च्या रचत, दिवे मालवत आणि कोणाची विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला पोचवत, एवढेच लिहिले तर वाचक काय तो निकाल स्वतः देतो आणि त्यांना ओळखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या उभ्या राहतात. म्हणून पहिल्या खर्ड्यातील प्रत्येक विशेषण अधोरेखित करून त्यापुढे ‘कशावरून?’ असे लिहावे. उत्तर मिळाले, तर ते ठेवून विशेषण काढावे. उत्तर मिळाले नाही, तरी विशेषण काढावेच.

पद-पुरस्कार नसण्याला आपण अडचण समजता. मला ती सोय वाटते. मोठ्या माणसाच्या मृत्युलेखाची निम्मी जागा त्याने भूषवलेल्या पदांची यादी खाऊन टाकते, आणि शेवटच्या चार ओळींत माणूस उरला तर उरला. अमेरिकेतील ‘फिलाडेल्फिया डेली न्यूज’ या दैनिकात जिम निकल्सन या बातमीदाराने १९८० च्या दशकात शहरातील साध्या, कष्टकरी माणसांचे मृत्युलेख लिहिण्यास घेतले, तेव्हा या यादीच्या जागी त्यांना रोजच्या सवयी, घरातली भांडणे, हातातले काम असा जिवंत मजकूर मिळाला. शोधपत्रकारितेत मुरलेला हा माणूस होता, हे मला महत्त्वाचे वाटते. मृत्युलेख हे भावनेने भारावून लिहिण्याचे नव्हे, तर प्रश्न विचारत फिरण्याचे काम आहे.

लांबीची चिंता करू नये. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात मरण पावलेल्यांवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छोटी टिपणे छापण्यास सुरुवात केली आणि वर्षअखेरपर्यंत ती अठराशेच्या पुढे गेली. एकेक टिपण सुमारे दोनशे शब्दांचे असे, आणि त्यात शिक्षण-नोकरीचा तपशील बाजूला ठेवून एखादी सवय किंवा छंद यांवरून माणूस रेखाटलेला असे. याच दैनिकाने २४ मे २०२० रोजी, करोनाने दगावलेल्या अमेरिकनांची संख्या एक लाखाच्या जवळ पोचली असता, एक हजार मृतांची यादी पहिल्या पानापासून छापली. नावापुढे एखादाच वाक्यांश, तोही ठिकठिकाणच्या वृत्तपत्रांत आलेल्या मृत्युलेखांतून वेचलेला. तेवढ्यानेही एक नाव दुसऱ्यापासून वेगळे होत होते. मात्र २००१ च्या टिपणांवर तेव्हाच एक आक्षेप घेतला गेला, आणि तो आपल्या जुन्या अंकांनाही लागू पडतो : ती सलग वाचली, तर सगळेच मृत प्रेमळ पिते, आनंदी पत्नी आणि उत्साही सहकारी होते असे वाटू लागते.

आता मजकूर मिळवायचा कसा, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक लेख लिहिताना नव्हे, तर त्याआधीच फसतात. सर्वसाधारण रीत अशी, की कुटुंबीयांकडे एक कागद दिला जातो, ते जन्मतारीख, शिक्षण, नोकरी आणि मुलांची नावे भरून देतात, आणि त्या कागदाचीच वाक्ये केली जातात. कुटुंबाशी बोलणे आवश्यकच आहे. पण ते त्या व्यक्तीला एकाच नात्यातून ओळखत असतात आणि वियोगाच्या काळात त्यांना नेमके आठवेलच असे नाही. मंडळातले, कामावरचे, शेजारचे आणि शक्य असल्यास त्या व्यक्तीशी न पटणारे, अशा तीन-चार जणांना भेटावे, तेही एकेकट्याला. सर्वांना एकत्र बसवून आठवणी काढण्याचा मोह होतो, परंतु स्मृतीच्या अभ्यासकांना प्रयोगांतून वारंवार असे आढळले आहे, की एकत्र बसून आठवणाऱ्या गटाला मिळून जेवढे आठवते, त्यापेक्षा तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवले तर एकूण भरणा अधिक होतो. एकाने किस्सा सांगितला, की बाकीचे त्याच वाटेने जातात. शिवाय उतारवयातील माणसांना स्वतःच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील गोष्टी प्रमाणाबाहेर आठवतात. त्यामुळे दिवंगत सभासदाच्या समवयस्कांशीच बोललात, तर लेख तारुण्यात अडकून राहील. नंतरच्या चाळीस वर्षांसाठी वयाने लहान माणसांकडे जावे लागते.

भेटीत ‘ते कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला ‘फार चांगले होते’ याखेरीज उत्तर नसते. शेवटचे केव्हा भेटलात, तेव्हा काय बोलणे झाले, ते कशावरून चिडत, सभेत कुठे बसत, कोणते पुस्तक दुसऱ्यांदा मागून नेले, त्यांच्याकडून आपण एखादी गोष्ट करण्याची पद्धत उचललीत का, असे विचारावे. वस्तूही बोलत्या करतात. पुस्तकाच्या समासातील खुणा किंवा दुरुस्त करून वापरलेला चष्मा समोर असला, की मघापर्यंत गप्प असलेला माणूस बोलू लागतो. एड्सने दगावलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत तयार झालेली गोधडी ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण कबरीच्या मापाचा, आणि पुष्कळ तुकड्यांवर, ज्याच्या आठवणीसाठी तो तुकडा केला त्या माणसाचे कपडे आणि वापरातल्या वस्तू शिवलेल्या होत्या. चरित्र लिहिता न येणाऱ्यांनीही तेथे चरित्र लिहिले, असे मी म्हणेन.

टाचणे काढताना सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले आणि त्याने ऐकलेले वेगळे ठेवावे, आणि तारखा कागदावरून पडताळून घ्याव्यात. चुकीच्या सालामुळे लेख बिघडत नाही, असे लिहिणाऱ्याला वाटते. घरच्यांना मात्र तेवढेच दिसते.

प्रश्न : आमच्या एका सभासदाने बुडणाऱ्या मुलाला वाचवताना प्राण गमावले. लेख त्या घटनेवरच असावा, असे सर्वांचे म्हणणे आहे. त्याच्या बहिणीला मात्र ते रुचलेले नाही. काय करावे?

उत्तर : बहिणीचे म्हणणे मला पटते, आणि त्याचे कारण लंडनमधील एका भिंतीपाशी दिसते. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराने १८८७ मध्ये अशी सूचना केली, की इतरांना वाचवताना मरण पावलेल्या सामान्य माणसांचे स्मारक व्हावे. १९०० मध्ये ‘पोस्टमन्स पार्क’ या बागेत ते उघडले गेले. भिंतीवर चिनीमातीच्या पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर नाव, दिनांक आणि काय घडले ते थोडक्यात लिहिलेले आहे. ॲलिस एअर्स ही तरुणी १८८५ मध्ये लागलेल्या आगीतून तीन मुलांना वाचवून मरण पावली, हे तिच्या पाटीवरून कळते. ती कशी बोले, तिला कशाचा कंटाळा येई, यातले काहीच कळत नाही. स्मारके बहुधा नामवंतांचीच होत त्या काळात वॉट्स यांनी केलेले हे काम थोर आहे, यात शंका नाही. तरीही त्या भिंतीवर सामान्य माणसाला जागा मिळते ती मरणाच्या तऱ्हेमुळे, जगण्यामुळे नव्हे.

याच्या उलट रीत गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताच्या कामात दिसते. नाझींच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांच्या आठवणीसाठी १९९२ पासून ते पदपथात दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे, वर पितळी पत्रा असलेले ठोकळे बसवत आले आहेत. बहुतेक ठोकळ्यांवरील मजकूर ‘येथे राहत होते’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो, आणि ठोकळा बसतो तोही शक्यतो त्या व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर. मृत्यूचा उल्लेख खालच्या ओळींत येतो.

आपल्या लेखातही घटना जरूर यावी, कारण ती टाळली तर खोटे होईल. परंतु ती एका परिच्छेदात, विशेषणांवाचून यावी, आणि तिच्याआधी त्याची सारी वर्षे यावीत. तो पोहायला केव्हा आणि कोणाकडून शिकला, हे बहिणीला विचारून पाहावे.

प्रश्न : दिवंगत सभासद अत्यंत तापट होते, हे सर्वांना माहीत आहे. त्याचा उल्लेख करावा का? तसेच एका तरुण सभासदाने आत्महत्या केली. तिथे काय लिहावे?

उत्तर : तापटपणा जगजाहीर असेल, तर तो वगळलेला लेख ओळखीचे लोक दुसऱ्या ओळीतच खोटा ठरवतात. तो प्रसंगातून सांगावा : हिशेब चुकला म्हणून त्यांनी वही टेबलावर आपटली आणि रात्री जागून तो स्वतःच जुळवून दिला, असे काही खरोखर घडले असेल, तर स्वभावाच्या दोन्ही बाजू एका वाक्यात येतात. मात्र त्यांच्या रागाने कोणाचे खरे नुकसान झाले असेल, तर त्याचा गोड किस्सा करू नये. अशा वेळी त्या विषयावर गप्प राहणे आणि ‘शांत स्वभावाचे’ असे न लिहिणे, एवढे पुरे.

आत्महत्येच्या बाबतीत निर्णय घरच्यांचा असावा. उल्लेख करायचे ठरले, तरी पद्धत आणि जागा यांचा तपशील देऊ नये, आणि परीक्षा, कर्ज किंवा प्रेमभंग असे एकच कारण चिकटवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनाही हेच सांगतात. ‘अखेर सुटला’ अशी वाक्येही टाळावीत, कारण त्याच अवस्थेतून जाणारा दुसरा कोणी तो अंक वाचत असतो.

अंक सर्वांच्या हाती पडणार असल्याने कोणाचीच पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि आईचे माहेरचे आडनाव एकत्र छापू नये. फसवणूक करणाऱ्यांना एवढी सामग्री पुरते.

प्रश्न : एक सभासद एकटेच राहत. नातेवाईक सापडले नाहीत आणि मंडळातही त्यांच्याविषयी कोणाला फारसे ठाऊक नाही. त्यांचे केवळ नाव छापावे का?

उत्तर : माणसांना आठवत नसेल, तर कागदांना विचारावे. हजेरीची वही, वर्गणीच्या पावत्या, सभेची इतिवृत्ते आणि पुस्तके दिल्या-घेतल्याची नोंदवही घेऊन एक दुपार बसावे. ते कोणत्या वर्षी सभासद झाले, किती सभा चुकवल्या, एकदाच का होईना पण कोणत्या विषयावर बोलले, कोणत्या प्रकारची पुस्तके नेत आणि ती मुदतीत परत करत का, एवढे नक्की मिळेल. त्यांचे अक्षर मिळाले, तर त्याचे छायाचित्र लेखाशेजारी छापावे. यातून जमेल तो पाच-सहा ओळींचा मजकूर इतरांच्या लेखांबरोबर तशाच अक्षरांत आणि तशाच चौकटीत यावा. तो लहान दिसतो म्हणून ‘अबोल पण अंतःकरणाने विशाल’ अशी भर घालू नये. त्यांचे अंतःकरण कसे होते हे आपल्याला माहीत नाही, आणि तसे वाक्य लिहिले की त्यांच्याविषयी जे थोडे खरे हाती लागले आहे, त्यावरचाही विश्वास उडतो. नोंदवहीत त्यांनी नेलेले शेवटचे पुस्तक अजून परत आल्याची नोंद नसेल, तर लेखाची शेवटची ओळ त्या पुस्तकाच्या नावाची असू द्यावी.