लेसिकनंतर पाच वर्षांनी मार लागला, तर फ्लॅप सरकतो का?

हो, सरकतो. लेसिक म्हणजे चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन, आणि फ्लॅप म्हणजे त्यात बुबुळावर कापलेला पापुद्रा. फुटबॉल खेळताना काल बोट डोळ्यात गेलं आणि तेव्हापासून पाणी गळतंय, धूसर दिसतंय असं तुम्ही लिहिलंय. सोमवारची वाट बघू नका, आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी यातून गेलोय.

माझं लेसिक झाल्याला आठ वर्षं झाली होती. म्हशीला वाडं आणायला रानात गेलो आणि उसाची पात सपकन उजव्या डोळ्यावर बसली. त्या पातीच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. कुसळ गेलं असेल म्हणून मी डोळा चोळला. रात्री ट्यूबलाइटकडे बघवेना, एका दिव्याचे दोन दिसायला लागले. सकाळी कोल्हापुरात डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली आणि म्हणाले, "फ्लॅपला घडी पडलीय."

लेसिकमध्ये बुबुळाचा साधारण 100 ते 160 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पापुद्रा कापून दारासारखा उघडतात आणि लेसर मारून परत बसवतात. त्याची कड व्रणानं धरते, पण आतला भाग पहिल्यासारखा कधीच घट्ट होत नाही. दहा वर्षांनंतरही फ्लॅप सरकल्याची उदाहरणं आहेत. पीआरके या चष्मा घालवायच्या दुसऱ्या लेसर ऑपरेशनात फ्लॅपच नसतो, म्हणून तालमीतल्या पोरांना मी आधी त्याबद्दल विचारायला सांगतो.

भुलीचे थेंब घालून डॉक्टरांनी माझा फ्लॅप उचलला, खाली शिरलेल्या पेशी खरवडल्या, धुऊन ओल्या स्पंजनं इस्त्री केल्यासारखा पसरला आणि वर बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, बसवली. दुखलं नाही, फक्त स्पंज पुढेमागे फिरताना दिसत होता. उशीर केला की घड्या पक्क्या होतात, पेशी आत वाढत जातात.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत डोळा चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कपाचा तळ कापून डोळ्याला न टेकता वर चिकटवा. मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब तर अजिबात नकोत. त्यात स्टेरॉइड असलं आणि जखमेत बुरशी गेली असली, तर ती फोफावते. उसाच्या पातीनं झालेल्या जखमेत ही भीती जास्त. गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या.

आणि दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हेच बोला, "माझं लेसिक झालंय." नुसतं बोट लागलं म्हणालात, तर साधं खरचटलंय असंही वाटू शकतं. ऑपरेशनचे जुने कागद सापडले तर सोबत न्या, नाही सापडले तरी निघा.