एका प्रदेशावरचा परिणाम काढण्यासाठी हवामानाचं मॉडेल अर्थशास्त्राच्या मॉडेलला जोडायचं आहे. कोणती दोन मॉडेलं घेऊ?

कोणतीही घ्या. भांडणं मॉडेलांवरून होत नाहीत, त्यांच्यामधल्या फाइलवरून होतात. हे मी अशी फाइल पाठवून बोलणी खाल्लेला माणूस म्हणून सांगतोय.

आमच्या प्रकल्पात हवामानाची बाजू माझ्याकडे होती आणि अर्थशास्त्राची एका ज्येष्ठ सरांकडे. मी हॅडजेम२ मॉडेलचा रोजचा पाऊस काढून दिला. या मॉडेलचं वर्ष 360 दिवसांचं. सगळे महिने 30 दिवसांचे, फेब्रुवारीसुद्धा. सरांच्या स्क्रिप्टला, म्हणजे डेटा वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, 30 फेब्रुवारी ही काय भानगड ते कळेना, साध्या वर्षातली 29 फेब्रुवारीही कळेना. तिने त्या ओळी उडवल्या. उलट 31 तारखा सापडेनात, तर तिथे शून्य भरलं. 2 गेले, 7 आले, झाले बरोबर 365! बेरीज जुळली म्हटल्यावर फाइल उघडून बघतंय कोण?

काही महिन्यांनी मी सहज प्रत्येक तारखेची 30 वर्षांची सरासरी काढून आलेख मांडला, तर रेघ सात ठिकाणी थेट तळाला टेकलेली. आमच्या भविष्यात 31 जुलैला आणि 31 ऑगस्टला कधीही एक थेंब पडत नव्हता. आणि बैठकीत सर काय म्हणाले? "हवामानवाल्यांच्या डेटाचा भरवसा नसतो." सगळ्यांसमोर.

पण खरा वाद हा नव्हताच. त्यांचं पुढचं म्हणणं असं, की रोजचे आकडे हवेतच कशाला, प्रत्येक विभागाचा वर्षाचा एक सरासरी आकडा दे, आमचं मॉडेल वर्षाला एकच पाऊल टाकतं. टाकू दे की! पीक तसं वाढत नाही. श्लेंकर आणि रॉबर्ट्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या मक्याबद्दल दाखवलं, की साधारण 29 अंश सेल्सिअसपर्यंत ऊब उत्पादनाला मानवते, त्यापुढे ते झपाट्याने घसरतं. आता एक हंगाम सलग 28 अंशांवर गेला आणि दुसरा निम्मा 22 वर, निम्मा 34 वर. सरासरी दोन्हीकडे 28. पीक मात्र एकसारखं येणार नाही. म्हणून रोजचं हवामान आधी पिकाच्या मॉडेलमधून न्या, डीएसएसएटी किंवा एपीसिम, जे येत असेल ते. मिळालेली घट पेरणीच्या क्षेत्रानुसार एकत्र करा आणि मगच ती उत्पादकतेचा धक्का म्हणून अर्थशास्त्राच्या मॉडेलला द्या. आधी नुकसान, मग सरासरी. तुमचे गाइडही "फार फरक पडत नाही" म्हणाले, तर दोन्ही पद्धतींनी करून आकडे शेजारी ठेवा. मी ते केलं नाही, आवाज चढवला.

तुमच्या प्रश्नाबद्दल. हवामानाचा कच्चा डेटा घेऊ नका. जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण 100 किलोमीटरचा असतो, त्यात डोंगराची पावसाची बाजू आणि पर्जन्यछायेची बाजू दोघींना एकच पाऊस मिळतो. आयएसआयएमआयपी या हवामानबदलाचे परिणाम ताडून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा दुरुस्त केलेला, अर्ध्या अंशाचा डेटा घ्या, त्यात पाच मुख्य हवामान मॉडेलं आहेत. पाचही चालवा. अर्थशास्त्राकडे व्यापार महत्त्वाचा असेल तर जीटॅप हे जागतिक व्यापाराचं मॉडेल, पण ते मुख्यतः देशांच्या पातळीवरचं. त्याखालच्या प्रदेशासाठी सामाजिक लेखा सारणी, म्हणजे अर्थव्यवस्थेत कोणाचे पैसे कोणाकडे जातात याचा तक्ता, स्वतः फोडावी लागते आणि निम्मं आयुष्य तिथेच जातं. अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउस यांच्या डाइस या हवामान-अर्थशास्त्राच्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. त्यांना 2018 चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यात अख्खं जग म्हणजे एकच प्रदेश. दुहेरी जोडणीचा, म्हणजे अर्थशास्त्राचे आकडे परत हवामानाच्या मॉडेलला देण्याचा, हट्टही नको. एका प्रदेशाच्या उत्सर्जनाने जागतिक तापमान फारसं हलत नाही, तेव्हा हवामानाकडून अर्थशास्त्राकडे एवढी एकच दिशा पुरते.

अर्थात मोठ्या प्रमाणावर सिंचन किंवा जंगलतोड होणार असेल तर तिथलं हवामान बदलतं, मग दुहेरी जोडणी लागते. विषय पूर किंवा उन्हात राबणाऱ्यांचा असेल तर पिकाचं मॉडेल कामाचं नाही, पण सरासरीबद्दलचं म्हणणं तसंच लागू.

आणि हो, हवामानाचा डेटा ज्या नेटसीडीएफ प्रकारच्या फाइलमध्ये येतो, तिच्यात कॅलेंडरची नोंद असते. सरांना सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, हवी होती म्हणून मी ती बदलून दिली, त्यात नोंद गळाली आणि सोबतच्या मेलमध्ये मी त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. बैठकीत हे मी बोललो नाही.