अप्पांनी दिलेला शब्द

"वडिलांनी उभं केलेलं माझ्या हातून मोडतंय का?" हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कुणी वडिलांचं किराणा दुकान बंद करून एजन्सी घेतलेली असते, कुणी शेती बटाईनं दिलेली असते. विचारणारा बहुधा चाळिशीच्या आसपासचा मुलगा असतो आणि घरात वडिलांनी बोलणं टाकलेलं असतं. मध्यंतरी एक कुटुंब आलं, आणि या प्रश्नाला मी इतकी वर्षं जे उत्तर देत होते ते अपुरं आहे हे मला कळलं. त्या घराच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांची शेड. वडिलांना इथे अप्पा म्हणू. अप्पा वार्पिंग मशीन आणि कांडी मशीन बनवायचे. शेकडो धागे एकसारख्या ताणात बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळायचे ते वार्पिंग, आणि आडवा धागा घेऊन मागावर ये-जा करणाऱ्या धोट्यात बसणारी कांडी सुतानं भरायची ते कांडी मशीन. चादर असो की टॉवेल, माग सुरू होण्याआधी ही कामं व्हावीच लागायची, त्यामुळे शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी कारखान्यांत अप्पांची मशीन होती. चांगल्या दिवसांत वर्षाला बारा-चौदा जायची. मग रेपियर माग आले. रेपियरला धोटाच नसतो. धोटा नाही म्हणजे कांडी नाही, आणि कांडी नाही म्हणजे कांडी मशीनही नाही. वार्पिंगचीही मोठी तयार मशीन बाहेरून येऊ लागली. शेवटच्या तीन वर्षांत मिळून अप्पांची दोन मशीन विकली गेली.

मुलानं हिशेब मांडला आणि ठरवलं: नवं मशीन बनवणं थांबवायचं. आपली आणि दुसऱ्यांचीही मशीन दुरुस्त करायची, वर्षाचे देखभालीचे करार करायचे, जुन्या मशीनला नवी मोटर, नवा ड्राइव्ह बसवून द्यायचा. हिशेब चुकीचा नव्हता. सहा महिन्यांत बँकेचा हप्ता वेळेवर जाऊ लागला होता. पण तो माझ्यासमोर बसला तेव्हा तीन आठवडे धड झोपलेला नव्हता.

"अप्पा शेडवर येतात, मॅडम. पहाटे पाचला येतात. लेथ चालू करतात आणि नुसते बघत बसतात. लावायला जॉबच नसतो त्यावर."

खंडेनवमीची गोष्ट सूनबाईंनी सांगितली. दरवर्षी अप्पा स्वतः लेथ पुसायचे, ड्रिल मशीन पुसायचे, पाने-हातोडे पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायचे, कामगारांना पेढे वाटायचे. त्या वर्षी झेंडूची फुलं सकाळपासून पिशवीतच राहिली. दुपारी तिनंच हार घातले. अप्पा म्हणाले, "आता कशाची पूजा? पान्याची?" आणि घरी निघून गेले.

पहिल्या बैठकीत मी मुलाला काही गोष्टी सरळ विचारल्या. अप्पांचं जेवण कसं आहे, झोप कशी आहे, 'मी आता कशाला आहे' अशा धर्तीचं काही बोलतात का? जगणं नकोसं झाल्याचं बोलणं ऐकलंत तर बैठकीची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या, असं सांगितलं, आणि टेलिमानसचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे घालून घेतला. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. असं विचारल्यानं माणसाच्या मनात नसलेलं येतं, ही भीती मनातून काढून टाका. न विचारल्यानं जास्त बिघडतं. पुढे अप्पा आले तेव्हा त्यांनाही मी हाच प्रश्न केला. "तसलं काही नाही, ताई," ते म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर मी दर भेटीत विचारत गेले.

अप्पा सहजी आले नाहीत. "मला काय वेड लागलंय?" हे ठरलेलं उत्तर होतं. मी मुलाला म्हटलं, त्यांच्यासाठी चला म्हणू नका. माझ्यासाठी चला म्हणा, मला झोप येत नाही म्हणून सांगा. ते खरंच होतं. तिसऱ्या आठवड्यात अप्पा आले.

आता माझी समजूत काय होती ते सांगते. सोलापुरात 'कारखानदार' या शब्दाला वजन आहे. कारखानदाराचा मिस्त्री झाला, लोकांच्या दारात पाना घेऊन उभं राहायची वेळ आली, हा मान गेल्याचा सल असणार असं मी धरून चालले होते. त्यात अप्पांचे वडील गिरणी कामगार. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे शहर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर झोपायचं, आणि एकेक भोंगा बंद होताना काय झालं ते अप्पांच्या पिढीनं घरात राहून पाहिलंय. 'बंद' हा शब्दच त्यांना सोसत नसेल, असं मला वाटलं.

म्हणून मी विचारलं, "मशीन बनवणं थांबलं, त्याचं फार लागलं का?"

"थांबणार ते मला ह्याच्या आधी कळलं होतं," अप्पा म्हणाले. "धोटा गेला त्या दिवशीच कळलं. हा बरोबर करायलाय. दुरुस्तीचं काम काय कमी असतंय का? बनवणाऱ्याला एकदा डोकं लावावं लागतं, दुरुस्त करणाऱ्याला दरवेळी."

मग त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. टॉवेलला दोन बीम लागतात, एक ग्राउंडचा, एक पाईलचा. ग्राउंडचा ताठ, पाईलचा सैल, म्हणून तर वर लूप उठतात. वार्पिंगला धाग्याचा ताण कमीजास्त झाला की दोष मागावर दिसतो, आणि शिव्या माग चालवणाऱ्याला बसतात. बेअरिंग कसं ओळखायचं तेही सांगितलं. माझ्या टेबलावरचा पेन उचलून एक टोक टेबलाला टेकवलं, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला. "स्क्रू ड्रायव्हर असा धरायचा. चांगलं बेअरिंग घुमतं. गेलेलं खरखरतं, वाळू चावल्यासारखं." मुलगा बापाकडे बघतच राहिला. महिन्या-दीड महिन्यात अप्पा सलग एवढं बोलले नव्हते.

"मग नेमकं काय बोचतंय, अप्पा?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मुलानं छापलेलं रेटकार्ड होतं. भेट सातशे रुपये, मजुरी वेगळी, पार्ट वेगळे. व्हॉट्सॲपवर सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना गेलं होतं.

"1989 ला माझ्याकडे गिअर घ्यायला पैसे नव्हते. पूर्व भागातल्या एका कारखानदारानं मशीन बघायच्या आधी पूर्ण रक्कम हातात ठेवली. मी म्हटलं, मशीन चालतंय तोवर जबाबदारी माझी, एक पैसा घेणार नाही. असं मी पहिल्या नऊ जणांना म्हटलंय. परवा त्यांच्या मुलाच्या फोनवर हा कागद गेला."

"मला माहीतच नव्हतं," मुलगा म्हणाला.

"तू विचारलं कुठं?"

"तुम्ही सांगितलं कुठं?"

दोघंही गप्प झाले. मीही मध्ये बोलले नाही.

मुलगा वर्षभर स्वतःला वडिलांचं काम मोडणारा समजत होता, आणि वडिलांना कामाचं दुःखच नव्हतं. आपला शब्द आपल्याच पोराच्या हातून मोडला आणि पोराला ते ठाऊकसुद्धा नाही, हे ते गिळून बसले होते. सांगायचं तर पोराच्या हिशेबात खोडा घातल्यासारखं होणार. आपल्याकडच्या छोट्या धंद्यात निम्मे करार कागदावर नसतातच. ते म्हाताऱ्या माणसाच्या पोटात असतात. म्हणून आता कुणी हा प्रश्न घेऊन आलं की ताळेबंद, कर्ज, बाजार याच्याआधी मी एवढंच करायला सांगते: वडिलांना विचारा, तुम्ही कुणाकुणाला काय शब्द दिलाय? एका बैठकीत उत्तर येत नाही. चारदा विचारावं लागतं, आणि विचारताना फोन बाजूला ठेवावा लागतो.

नऊ जणांची नावं अप्पांनी तोंडपाठ सांगितली. दोघांचे कारखाने बंद झाले होते. राहिले सात. अप्पांचं म्हणणं, या सातांकडे आपल्या मशीनची मजुरी घ्यायची नाही. मुलाचं म्हणणं, यातलेच तिघं सगळ्यात जास्त बोलावतात, त्यांना फुकट केलं तर फिटरचा पगार कशातून द्यायचा? दोन बैठका यावरच गेल्या. दोघंही खरं बोलत होते. एकानं मोठं मन करून सोडून द्यावं असा सल्ला द्यायचा मोह मला झाला होता. दिला नाही हे बरं झालं, कारण जो सोडतो तो पुढे वर्षानुवर्षं मोजत बसतो. शेवटी असं ठरलं की कागद मागे घ्यायचा नाही, पण अप्पांनी सातही ठिकाणी स्वतः जायचं, चहा घ्यायचा आणि जे आहे ते सांगायचं. शब्द ज्याला दिला, तो बदलायचा की नाही हे त्यालाच विचारायचं.

पहिल्याच घरी जे झालं ते अप्पांनी मला दोनदा सांगितलं. 1989 चे ते कारखानदार आता थकलेत. तेलुगू बोलणारं घर. अप्पा त्यांच्याशी तेलुगूतच बोलतात. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अप्पा, तुम्ही पैसे घेत नव्हता म्हणून तुम्हाला फोन करायची लाज वाटायची. बेअरिंग वाजलं तरी आठ-आठ दिवस तसंच चालवायचो. मग कारखान्यातल्या जॉबरकडून काहीतरी ठोकठाक करून घ्यायचो. पैसे घ्या आणि हक्कानं बोलवू द्या."

भीड दोन्हीकडून होती. पस्तीस वर्षं दोन सज्जन माणसं एकमेकांना जपत होती, आणि मधल्या मध्ये मशीन झिजत होतं.

सातांपैकी पाच जणांनी वर्षाचा करार केला. दोघं म्हणाले, शब्द तो शब्द. त्यांच्याकडे अप्पा अजूनही मजुरी घेत नाहीत, फक्त पार्टचे पैसे घेतात, आणि मुलानं तो खर्च वहीत 'अप्पांचा शब्द' या नावानं वेगळा लिहायला घेतलाय. महिन्याला फार होत नाही. जीएसटी, करारातली कलमं हे मी त्यांच्या सीएकडे सोपवलं. तो माझा प्रांत नाही.

सगळं जुळलंय असं मात्र नाही. बावीस वर्षं काम केलेला टर्नर सोडून गेला, कारण जॉब नसलेल्या लेथजवळ उभं राहणं त्याच्यानं होईना. अप्पांना ते लागलंय. त्याच्या घरी अजून कुणी गेलेलं नाही, आणि जायला हवं हे मी दोघांनाही सांगितलंय. ती लेथ शेडमध्ये बरीच जागा अडवून आहे आणि चांगल्या भावानं मागणीही आलीय. मुलगा विचारत होता, विषय कधी काढू? मी म्हटलं, यंदा नको. येत्या खंडेनवमीला अप्पा स्वतःच्या हातानं तिला हार घालू देत, मग बघू.