सहलीआधी शिफ्ट बदलताना काय होतं ते बघा

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नुकतेच मॅनेजर झालात, प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि क्वालिटी एकमेकांवर खापर फोडतात, आणि एचआर म्हणतंय, सगळ्यांना दोन दिवस लोणावळ्याला न्या. जरूर न्या, एकत्र जेवलं की ओळख वाढतेच. पण सोमवारी तीच भांडणं पुन्हा सुरू होतील. त्यांचं मूळ माणसांच्या स्वभावात नाही, कोणाला कशाचा जाब विचारला जातो त्यात आहे.

मी बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात काढली, आता सुपरवायझरांना शिकवतो. जिथे जातो तिथे जवळजवळ हेच दिसतं. प्रॉडक्शनला नग विचारतात, क्वालिटीला रिजेक्शन, मेंटेनन्सला ब्रेकडाऊनचे तास. प्रेस चाळीस मिनिटं बंद पडली की ती चाळीस मिनिटं कोणाच्या नावावर टाकायची यावरच वाद. 'डाय सेटिंग (साचा बसवणं) चुकलं' म्हटलं तर प्रॉडक्शनच्या, 'सेन्सर गेला' म्हटलं तर मेंटेनन्सच्या. मशीन उघडायच्या आधीच फिटरला स्वतःचा बचाव तयार ठेवावा लागतो, कारण त्याचं अप्रेजल त्यावर ठरतं. म्हणून तिन्ही खात्यांना मिळून एकच आकडा द्या: शिफ्टअखेर, पुन्हा हात न लावता पास झालेले नग. बाकीचे आकडे कारण शोधायला वापरा, माणूस धरायला नको.

दुसरी जागा म्हणजे शिफ्ट बदलायची वेळ. तीन वाजता पहिली शिफ्ट सुटते, कंपनीची बस गेटवर उभी असते, आणि ऑपरेटर दोन वाजून पन्नास मिनिटांनीच हात धुवायला जातो. दुसऱ्या शिफ्टचा माणूस येतो तेव्हा मशीनपाशी कोणीच नसतं. लॉगबुकमध्ये 'ओके' लिहिलेलं. तासाभराने नगांच्या कडेला बर (धारदार खरखरीत कड) यायला लागतो, आणि 'सकाळवाल्यांनी सांगितलंच नाही' इथून पुढचे दोन दिवस कडू होतात. बस दहा मिनिटं उशिरा सोडा, त्या दहा मिनिटांचे पैसे द्या आणि दोघांना मशीनसमोर उभं राहून बोलू द्या: काय बदललं, काय कुरकुरतंय, कुठल्या नगावर लक्ष ठेवायचं. पैसे न देता हे सुरू केलंत तर आठवड्यात बंद पडेल, आणि पडायलाच हवं.

माणसं तीच ठेवून कारखाना बदलतो याचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद झाला. युनियन आणि व्यवस्थापन यांचं हाडवैर, गैरहजेरी प्रचंड. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' या नावाने सुरू झाला, आणि कामगार बहुतांशी जुनेच घेतले. छोटे गट केले, प्रत्येक गटाला लीडर दिला, आणि अडचण दिसली की लाइन थांबवायची दोरी ओढायचा हक्क लाइनवरच्या प्रत्येकाला दिला. दोरी ओढली की लीडर मदतीला धावत यायचा. थोड्याच वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या तोडीचा मानला जाऊ लागला.

तुमच्याकडे दोरी नसेल, पण सुपरवायझर आल्यावर पहिला शब्द कोणता काढतो हे तुमच्या हातात आहे. 'कोणी केलं?' ऐवजी 'काय दिसलं तुला?' एवढंच त्याला शिकवा. मग महिनाभर तक्रारींची वही भरून वाहील. घाबरू नका. संघटनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चाललेल्या गटांमध्ये जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, हे त्याचं कारण. त्या महिन्यात वरिष्ठ तुमच्यावर चिडतील, त्यांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवा.

आणि कंत्राटी मुलं? तुम्ही त्यांचा उल्लेखच केलेला नाही. लाइनवरचे बरेच हात त्यांचे असतील आणि सकाळच्या पाच मिनिटांच्या मीटिंगला फक्त कायम कामगार उभे राहत असतील, तर बर पहिल्यांदा ज्याला दिसतो तोच बोलायला नसतो. त्यांना उद्यापासून मीटिंगला उभं करा, नावानं हाक मारा. याला कोणाची परवानगी लागत नाही.

एका आकड्यासाठी मात्र प्लांट हेडची संमती लागेल. त्यांच्याकडे जाताना गेल्या महिन्याचं ब्रेकडाऊन रजिस्टर घेऊन जा, आणि प्रत्येक नोंदीसमोर मशीन दुरुस्त व्हायला किती वेळ गेला आणि कोणाच्या नावावर टाकायचं यात किती गेला, हे वेगवेगळं लिहून दाखवा.