कॉलेजात नाटक आणि संगीताचा वर्षभराचा हंगाम कसा आखावा?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कॉलेजांत वर्ष सुरू होतानाच नाटकं, वाद्यवृंद, समूहगान, जॅझ अशा सगळ्या कार्यक्रमांच्या तारखा जाहीर होतात, तसं तुमच्या निपाणीच्या कॉलेजात जमेल का. नक्की जमेल. बेळगावच्या एका कॉलेजात मी सांस्कृतिक विभाग बघतो, त्यावरून सांगतो.

आपल्याकडे सगळं बळ गॅदरिंग आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवात खर्ची पडतं. महिनाभर तालमी करून एकांकिका बसते, स्पर्धेत एकदा होते आणि नेपथ्य जिन्याखाली जातं. गावाला ती दिसतच नाही. तेव्हा कार्यक्रम पाचच ठरवा, पण तारखा जूनमध्ये पक्क्या करा आणि वीसच माणसं आली तरी पुढे ढकलू नका. इथे दिलेली तारीख पाळतात असं कळलं की लोक येऊ लागतात. गणपतीचे दिवस आणि परीक्षेच्या आधीचा पंधरवडा तेवढा सोडा.

मराठी आणि कन्नड कार्यक्रम मात्र एकाच यादीत, एकाच तिकिटावर ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. दोन मंडळं, दोन प्रेक्षक अशी वाटणी करू नका. आपलं नाटक असं वाटणी होऊन वाढलेलं नाही. कर्नाटकातून सांगलीला आलेल्या मंडळीचे खेळ झाले आणि त्यानंतर १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे मराठी नाटक उभं केलं. १८८० मध्ये 'शाकुंतल' हे संगीत नाटक आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांच्या पदांत कर्नाटकी चाली आहेत. मग एका महिन्यात संगीत नाटकाचे दोन अंक आणि पुढच्या महिन्यात गोकाक भागातलं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य का नको? सत्यभामा आणि रुक्मिणीची गोष्ट मराठी मुलांना ठाऊक असते. आधी पाच मिनिटं प्रसंग सांगितले की पुढचं गाणं आणि अभिनय त्यांना धरून ठेवतात.

परवानगीचं आधी बघा. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग फक्त कॉलेजची माणसं आणि पालकांपुढे असेल तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे. बाहेरच्यांना तिकीट विकलंत की लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. या तिघांची नाटकं तुम्ही मोकळेपणाने करू शकता.

गाण्याची बैठक सकाळी ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे ललत, तोडी हे सकाळचे राग समोर बसून ऐकायची संधी मुलांना फार क्वचित मिळते. कॉलेज रविवारी सकाळी रिकामंच असतं. सातला वाचनालयात सतरंज्या टाका, साठ-सत्तर श्रोते बोलवा, माईक नको. मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि तंबोरा ऐकूच येत नाही. तंबोऱ्यांसाठी मिरज तुम्हाला फार लांब नाही, तिथे ते बनतात आणि दुरुस्तही होतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. एखादी बैठक त्यांच्या निर्गुणी भजनांची केलीत तर तिथल्या शाळेतली मुलंही बोलवा.

वैविध्यासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला बँडसाठी रीतसर पत्र लिहा, आणि नाताळच्या सुमारास एखाद्या चर्चमधल्या गायकांना विचारा.

पैशांबाबत एकच. मुख्य कलाकाराइतकंच तबला आणि पेटीच्या साथीदारांचं मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. कॉलेजचा कार्यक्रम म्हणून त्यांनी फुकट वाजवावं, हे मला अजिबात पटत नाही. तेवढे पैसे जमत नसतील तर पाचाऐवजी चार कार्यक्रम करा.